कल्ल्यावरचा हात

माझ्या सासूबाईंना सुईची भीती नव्हती, सुरीची होती. दिवसभर तिठ्यावरच्या बाजारात बसून कोयत्याने सुरमईचे तुकडे पाडणाऱ्या बाईबद्दल असं सांगितलं तर लोक हसतील. मलाही ते कळलं उशिराच, आणि कळलं तेव्हा हसण्याची वेळ निघून गेली होती.

सासूबाई, यमुनाबाई, म्हणजे कुणकेश्वरच्या अलीकडच्या आमच्या वाडीतलं मोठं प्रस्थ. त्यांच्या मासळीच्या पाटीपुढे भाव पाडून मागायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाईक माशाची वरची चकाकी बघून भुललं, की त्या स्वतः कल्ला उचलून आतला ताजेपणाचा लाल रंग दाखवायच्या. शेजारची एखादी बाई बोलता बोलता माशाच्या कल्ल्यावर हात ठेवून बसली असली, की मोठ्याने म्हणायच्या, "जिचो हात कल्ल्यावर, तिचो मासो कालचो." अख्खा तिठा हसायचा आणि त्या बाईचं तोंड आंबट व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हा ही बाई मला जरा अतीच वाटली. मी कणकवलीकडची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे कुणी कुणाला असं चारचौघांत सोलत नाही. घरी येऊन सोलतात.

मी कणकवलीला एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. रोज सकाळची एसटी धरायची आणि दिवसभर लोकांचं रक्त काढायचं. २००६ सालचे गणपती नुकतेच झाले होते, तेव्हा डॉक्टर उर्वशी आमच्या लॅबमध्ये आल्या. मेडिकल कॉलेजात त्यांचं संशोधन चाललं होतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांचं रक्त आणि त्याच वयाच्या निरोगी बायकांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून त्या बघत होत्या. शोधत होत्या तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यांनी समजावून सांगितलं, की आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यातून शरीरात काही खवळलेले कण सुटतात आणि ते पेशींना गंजवतात. हा गंज घासून काढणारी द्रव्यंही शरीरात असतात. गंज जास्त आणि घासणारे कमी, असं झालं की तो स्ट्रेस. त्याच रक्तात त्या सीए फिफ्टीन-थ्री नावाची कॅन्सरची एक खूणही मोजणार होत्या. आजारी बायका त्यांना रुग्णालयात मिळत होत्या. किनाऱ्यावरच्या निरोगी बायका मात्र मिळत नव्हत्या.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणाले, आमच्या वाडीत आणा तुमची गाडी, बायका मी देते. घरी येऊन वाडीतल्या बायकांना सांगायला बसले. होडीच्या खिळ्यांना खारं वारं लागून गंज चढतो ना, तसाच गंज रक्तात मोजायचा आहे, असं म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच कळलं. पण रक्त द्यायची गोष्ट निघाली तशी एकेकीला घरची कामं आठवायला लागली. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "माझा घे." त्या पुढे झाल्यावर बाकीच्यांना मागे राहायची लाज वाटली. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी रात्री त्यांच्या पानात बांगड्याचा मधला तुकडा वाढला.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी टेबल मांडलं. रक्त घ्यायच्या आधी त्या प्रत्येकीला विचारत होत्या, छातीत गाठ आहे का, दुखतं का, काही स्राव येतो का. सासूबाई म्हणाल्या, "काय नाय." नंतर पडद्यामागे नेऊन डॉक्टर हाताने तपासत होत्या. सासूबाईंची पाळी आली तशी त्या उठल्या आणि म्हणाल्या, पाटी उन्हात आहे, मासळी खराब होईल, ते पुढच्या खेपेला. रक्त दिलंच होतं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेचं कबूल केलं आणि सासूबाईंची नळी निरोगी बायकांच्या डब्यात गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे भुणभुण सुरू झाली. मी एसटीतून उतरून चपला काढतेय तोच विचारायच्या, माझ्या रक्ताचं काय झालं? बाकीच्या बायका सुई टोचल्याचं विसरूनही गेल्या होत्या. मी म्हटलं, हे संशोधन आहे, त्याचा एकेकीला निकाल नसतो. त्या मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. माझा स्वभाव मुळात तापट. एकदा मी तडकून म्हणाले, की एवढी घाई काय आहे, तुम्हाला काही झालंय का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं मलाच वाईट वाटलं. म्हणून मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, अजून सगळी बेरीज व्हायची आहे, पण तुमच्या सासूबाईंचा गंज बाकीच्या निरोगी बायकांइतकाच आहे आणि ती खूणही मर्यादेत आहे.

मी आनंदाने घरी आले. सासूबाई मागीलदारी पाटी धूत होत्या. मी म्हटलं, "आये, तुमचा सगळा बरा आसा. रगतात काय एक नाय."

त्या पाटी धुता धुता थांबल्या. मग ओल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. मी त्या बाईला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे बुडाले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या म्हणे. मी घाबरून जवळ गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि ब्लाउजवरून आपल्या डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, दाबून ठेवला.

"आता तुका सांगूक हरकत नाय," त्या म्हणाल्या. "पावसाच्या आदीपासून आसा. लय भियालंय मी. पण रगतान उजवो कौल दिल्यान."

माझ्या बोटांखाली सुपारीएवढी कडक गाठ होती. ती दुखत नव्हती आणि हलतही नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मी पाहिली होती, पण ही माझ्याच घरात निघाली. सगळ्या वाडीच्या पुढे होऊन रक्त दिलं ते गंज मोजायला नव्हेच. कुणाला न सांगता, आपल्या रक्तालाच कौल लावायला दिलं होतं.

आमच्याकडे कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. अडलेलं काम असलं की माणूस रवळनाथाच्या देवळात जातो. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि देवापुढे गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एकदा उजवा कौल मिळाला की तोच प्रश्न परत विचारायचा नाही. परत विचारणं म्हणजे देवावर अविश्वास, आणि मग मिळालेलंही जातं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी देवळात जाऊन नारळ फोडला.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. गाठीचं सांगितलं. मग त्या एकदम गंभीरपणे बोलल्या. "वर्षाली, नीट ऐका. ती खूण रोग आहे की नाही हे सांगत नाही. रोग सापडलेल्या बाईला औषध लागू पडतंय का, ते बघायला ती उपयोगी. सुरुवातीला ती बहुतेक वेळा मर्यादेतच असते. आणि गंजाचा आकडा पुष्कळ बायकांना एकत्र धरून बोलतो, एकट्या बाईबद्दल काही बोलत नाही. गाठीतला तुकडा काढून तपासल्याशिवाय काहीच कळणार नाही. त्यांना घेऊन या. ओढून आणावं लागलं तरी आणा."

ओढून आणा म्हणे. यमुनाबाईंना ओढणारा अजून जन्माला यायचा होता.

मी सांगून बघितलं, रडून बघितलं, भांडून बघितलं. त्यांचं एकच उत्तर. आधी तूच सांगितलंस सगळं बरं आहे, आता तूच सांगतेस बरं नाही, तर यातलं खोटं कुठलं? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, नर्मदामावशीचं, हेच झालं होतं. मुंबईला नेऊन कापलं आणि वर्षाच्या आत ती गेली. ती डॉक्टरकडे गेली तेव्हा जखम वाहत होती, हे सगळे विसरले. सुरी लागली आणि गाठ चवताळली, एवढंच वाडीत उरलं. नवऱ्याकडे, निलेशकडे, गेले तर तो जाळं विणता विणता म्हणाला, "रिपोर्ट बरो आसा ना? मगे उगाच कित्याक उकरतंस?" मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो चिडला नाही. त्याच्या हातातली सुई थांबली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. तोही घाबरला होता, हे मला तेव्हा कळलं. घरात तीन माणसं आणि तिघंही एकाच गोष्टीला घाबरलेली, पण तोंडाने कबूल कुणी करेना.

मग मी लबाडी केली. कणकवलीला माझ्या मावशीकडे सत्यनारायणाची पूजा आहे म्हणून त्यांना एसटीत बसवलं. डॉक्टर उर्वशी त्या दिवशी लॅबमध्ये येणार होत्या. अर्ध्या वाटेत सासूबाईंनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. पूजेला निघालेल्या सुनेच्या पिशवीत टॉवेल आणि बदलायची साडी कशाला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि भर रस्त्यात उतरल्या. मी मागे धावले. त्या उलट्या दिशेने चालायला लागल्या आणि माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाल्या, "माझ्या झिलाची बायल म्हणान तुका ठेवलंय. परत असा केलंस तर तुज्या हातचा पाणी पिवचंय नाय."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण वेगळं शिजवून घ्यायला लागल्या. डाव्या हाताने पाटी उचलायच्या त्या आता उजव्याने उचलायला लागल्या आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मोठमोठ्याने बोलायच्या. मला लॅबमध्ये काम सुचेना. कुणाची नळी हातात घेतली की वाटायचं, या रक्तातही काही नसेल, आणि जिथे आहे तिथे ते वाढत असेल. माझं मलाच कळेना, की या बाईवर मी एवढी चिडते कशाला. उमगलं ते एवढंच, की ती मला हवी होती. मला तिच्यासारखी दुसरी मिळणार नव्हती.

शेवटी मी आबा गुरवांकडे गेले. आबा म्हणजे रवळनाथाचे पुजारी, सत्तरी गाठलेले, शांत माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, गाठ उघडून बघायची काय, असा कौल लावा, आणि काहीतरी करून तो उजवा पाडा. आबांनी मला आधी पाणी प्यायला दिलं. मग म्हणाले, "कौल लावतंय. पाडूचंय नाय. पाकळेक मी बोट लावलंय तर मगे ह्या देवळात माझा काय काम?" मी म्हटलं, आणि डावा पडला तर? त्यांनी रिकामा पेला उचलून ठेवला. मी उठून निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. दुसरा रस्ताच नव्हता.

सासूबाई कौलाला तयार झाल्या त्या माझ्या शब्दावर. रोग आहे काय, हे विचारायचं नाही, ते विचारून झालं. नवा प्रश्न विचारायचा, की गाठ उघडून बघायची काय. उजवा पडला तर त्यांनी रुग्णालयात यायचं. डावा पडला तर मी या विषयावर जन्मभर तोंड उघडायचं नाही. निलेशच्या देखत मी देवाची शपथ घेतली. घेताना आवाज चढा होता. आतून मी पार खचले होते.

सकाळी देवळात आम्ही तिघं आणि वाडीतली चार जुनी माणसं होती. आबांनी पाकळ्या भिजवून देवाच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, हे तुजा लेकरू यमुना आज तुज्या पायाकडे इला आसा. तेच्या अंगात गाठ आसा. ती उघडून बघूची काय, ह्या तेका कळणा नाय. जा काय खरा आसत ता दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. निलेशचा आवाज फाटला.

पाकळ्या हलल्या नाहीत. समईची ज्योत सरळ उभी होती. मी, रक्तातले आकडे मोजणारी बाई, श्वास रोखून दोन ओल्या पाकळ्यांकडे बघत होते. असल्या गोष्टीवर कुणाचा जीव लावायचा असतो का, असं मनात आलं, आणि तो मीच लावला होता. आबांनी परत गाऱ्हाणं घातलं. परत सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. आणि डाव्या पाकळीची कड सुटली.

कड सुटली आणि पाकळी खाली झुकली. अजून पडली नव्हती. खालच्या टोकाने ती दगडाला धरून होती. ओरडावं, धावत जाऊन ती पाकळी दाबून धरावी असं वाटलं, आणि शपथ आठवली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा आखडलेला चेहरा सैल पडला होता. खांदे खाली आले होते. सुटका झाल्यासारख्या त्या पाकळीकडे बघत होत्या. मला त्यांचा राग आला, आणि मग एकदम त्यांची इतकी दया आली की माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

मग त्यांचा चेहरा पुन्हा बदलला.

"आबा, थांबा," त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणा मागे घेवा."

आबा वळून बघायला लागले. कौल अर्ध्यावर असताना असं कुणी म्हणत नाही.

"डावी पाकळी सुटली तसा माका बरा वाटला," सासूबाई म्हणाल्या. त्या देवाकडे बघून बोलत होत्या, पण आवाज तिठ्यावरचाच होता. "मनात म्हटलंय, सुटलंय. आता कोण बघूचा नाय. आणि माका कळला, की मी देवाक विचारूक येवकच नाय. रगताकय विचारूक गेलंय नाय. कोणी उघडून बघू नये, म्हणान धडपडतंय." त्यांचा हात काखेखाली गेला. "जन्मभर दुसऱ्यांक सांगीत इलंय, जिचो हात कल्ल्यावर, तिचो मासो कालचो. इतके दिवस माझोच हात कल्ल्यावर होतो."

आबांनी मान डोलावली, देवापुढे हात जोडले आणि प्रश्न मागे घेतल्याचं सांगितलं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि आम्ही बाहेर पडलो. ती पाकळी पुढे पडली की नाही, ते मी वळून पाहिलं नाही.

डॉक्टर उर्वशींच्या रुग्णालयात गाठीतला तुकडा काढला. निघाला तो कॅन्सरच. हे ऐकल्यावर निलेश भिंतीला टेकून खाली बसला. सासूबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की उशीर झालाय काय. डॉक्टर म्हणाल्या, गाठ अजून लहान आहे, काखेत हाताला काही लागत नाही, ऑपरेशन लवकर करू. वेळेवर आलात, असंही त्या म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी बोलणं टाकलं होतं ते त्या विसरल्या होत्या की मुद्दाम विसरल्या होत्या, कोण जाणे. मला म्हणाल्या, भूक लागलीय, काहीतरी खायला बघ.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर उर्वशी खाटेजवळ आल्या. त्या दिवशी पडद्यामागे तपासायचं मी सोडायला नको होतं, असं म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की सासूबाईंचं रक्त निरोगी बायकांच्या गटातून काढून टाकावं लागेल. त्या कधी निरोगी नव्हत्याच, आणि असं एक खोटं रक्त मध्ये राहिलं तर बाकीच्यांचा हिशोबही बिघडतो. सासूबाईंनी काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि उजव्या हाताची बाही वर सारली.

"वर्षाली, तूच घे."

मी म्हटलं, "आये, ह्याच्यातसून तुमका काय एक कळूचा नाय. उद्याचाय काय सांगूचा नाय ता."

"माका आता काय विचारूचा नाय," त्या म्हणाल्या. "तेव्हा खोटा सांगून दिलंय. आता खरा सांगून देतंय."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी दंडाला पट्टा बांधला. इतक्या बायकांच्या शिरा शोधल्या होत्या, पण ही शीर मी दोनदा चाचपली, आणि त्या ते बघत होत्या. सुई आत गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. नळीत रक्त चढत होतं तिकडे त्यांनी तिठ्यावरच्या डोळ्यांनी नीट निरखून पाहिलं.

"लाल आसा," त्या म्हणाल्या.

मी नळीवर त्यांचं नाव घातलं आणि ती दुसऱ्या, आजारी बायकांच्या डब्यात ठेवली.